लाकडी पझल दोन दिवसात पाठ, पण पाच चमचे काही आणता येईनात

मागच्या दिवाळीत मी लेकीसाठी एक लाकडी नंबर पझल ऑनलाइन मागवलं, एक ते दहा, रंगीत, प्रत्येक आकड्याला आपापली खाच, आणि बाईसाहेब दोन दिवसात ते इतक्या पटापट लावायला लागल्या की मी व्हिडिओ काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला पण. तेव्हा ती नुकतीच चार पूर्ण झालेली. सगळ्यांचे हार्ट वगैरे आले, मावशीने तर डायरेक्ट "इंजिनिअर होणार" म्हणून लिहिलं. तिसऱ्या दिवशी पोहे वाढताना मी सहज म्हटलं, पिल्लू पाच चमचे आण गं, तर ती स्टँडमधून मूठभर चमचे घेऊन आली. मोजले तर आठ. परत पाठवलं तर तीन आणले, आणि चेहऱ्यावर असा भाव की काय कटकट आहे, चमचे आणले ना.

तेव्हा लक्षात आलं की ही आकडे लावतच नव्हती, आकार लावत होती. पाचच्या जागी बदक असतं आणि खाली बदकाची खाच असती तरी तिने तेवढ्याच झपाट्याने लावलं असतं. पझल वाईट नाहीये हं, हात आणि डोळे मस्त कामाला लागतात, पण पाच म्हणजे *किती* हे त्या अख्ख्या पाटीवर कुठेच नव्हतं.

त्यानंतर सहा-सात महिने घरातल्याच वस्तूंची बरीच पझलं करून झाली, काही चालली, काही तिने दोन मिनिटांत भिरकावली. जी चाललीत ती लिहितेय. आम्ही लालबागला चाळीत राहतो, खोली १८० स्क्वेअर फूट, त्यात माणसं चार, त्यामुळे मोठमोठ्या खेळण्यांना जागाच नाही आणि खरं सांगायचं तर ती लागतही नाहीत.

आधी मूल कुठवर आलंय ते बघून घ्या, नाहीतर आपण भलतंच काहीतरी घेऊन बसतो. परीक्षा म्हणून नाही, कामं सांगता सांगताच. "तीन बटाटे दे", "दोन कपडे-चिमटे दे". एक ते वीस धडाधड म्हणणारं मूलसुद्धा चार मागितल्यावर ओंजळभर देतं, कारण ते आकडे त्याच्यासाठी गाणं असतं, येरे येरे पावसासारखं. काही मुलं बोट लावून बरोबर मोजतात, एक दोन तीन चार, आणि मग आपण विचारलं "मग किती आहेत?" की पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. म्हणजे शेवटी उच्चारलेला आकडा हाच एकूण आकडा, हे अजून बसलेलं नसतं. तीन-चार वर्षांचं मूल असं करत असेल तर काही बिघडलेलं नाही, फक्त तुमचं पझल तिथून सुरू करायचं. माझी मुलगी दोनपर्यंत पक्की होती, तीनला डळमळीत. आणि मी दहाचं पझल आणून ठेवलेलं!

आता पहिलं पझल. घरात जुन्या लग्नपत्रिका असतातच, गणपतीच्या फोटोमुळे कोणी टाकत नाही. त्यातला गणपती बाजूला काढून ठेवा आणि मागचा कोरा जाड कागद घ्या, पोस्टकार्डाएवढे पाच तुकडे. डाव्या अर्ध्यावर मार्करने आकडा लिहायचा, उजव्या अर्ध्यावर तेवढ्या टिकल्या चिकटवायच्या, कपाळावर लावतो त्याच, लाल गोल मोठ्या. टिकल्याच का, तर त्या हाताला लागतात, मूल त्यांच्यावरून बोट फिरवतं, आणि स्केचपेनचे ठिपके कितीही काढा ती मजा नाही. टिकल्या फाशावर असतात तशाच लावा, चार म्हणजे चार कोपरे, पाच म्हणजे चार कोपरे आणि मध्ये एक. तीन-चारपर्यंतच्या वस्तू माणूस न मोजता एका नजरेत ओळखतो, ती ओळख आधी पक्की होऊ द्या. मग कार्ड मधोमध कापायचं, पण प्रत्येक कार्डाची काप वेगळी हवी, एकाला नागमोडी, एकाला पायऱ्या, एकाला करवतीचे दात, असं. म्हणजे ३ चा अर्धा तुकडा फक्त तीन टिकल्यांच्याच तुकड्याला बसणार.

इथे खरी गंमत आहे. चूक झाली तर तुकडा बसतच नाही, चुकलं हे पझलच सांगतं, आईने सांगायची गरज राहत नाही. आणि पझलचा राग येत नाही ना मुलांना, आपला येतो.

पण हा फक्त अर्धा रस्ता, कारण इथेही मूल पुन्हा काप बघून लावू शकतं, टिकल्यांकडे ढुंकूनही न बघता. माझीने आठवडाभर तेच केलं. म्हणून दुसरा सेट करा, त्यात सगळ्या कार्डांची काप सरळ, पट्टीने मारल्यासारखी. आता सगळे तुकडे सगळ्यांना बसतात, म्हणजे मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि बरोबर आलं का ते तिचं तिला कळावं म्हणून मागच्या बाजूला दोन्ही अर्ध्यांवरून एक रंगीत रेघ ओढून ठेवायची, प्रत्येक कार्डाला वेगळा रंग, जोडी लावून झाली की उलटं करायचं, रंग जुळला की झालं. पहिल्यांदा सरळ कापाचं कार्ड दिलं तेव्हा तिने तुकडे फिरवून फिरवून बघितले, कुठेच अडेना, सगळंच बसतंय, आणि मग ती थांबली. अगदी थांबलीच. मग बोट टिकलीवर ठेवलं आणि पुटपुटली, एक... दोन... तीन... आणि आकड्यांच्या ढिगाऱ्यात ३ शोधायला लागली. मी कुकरची शिट्टी मोजायची विसरले त्या दिवशी.

आता सगळ्यात अवघड भाग, तो मुलांचा नाही, मोठ्यांचा. गप्प बसणं. आमच्याकडे सासूबाईंना ते जमेचना, लेकराचा हात जरा चुकीच्या तुकड्याकडे गेला की "अगं ते नाही बाळा, हे घे" आणि तुकडा हातात. चार दिवस मी पण आतून धुमसत होते, मग एक युक्ती सुचली, म्हटलं आई, तुम्ही शिकवू नका, तुम्ही चुका. मुद्दाम चुकीचं लावा. आजीने चारच्या शेजारी तीन टिकल्या लावल्या आणि "झालं बाई माझं" म्हणाल्या, तर कार्टी ओरडली, "आजी, हे तीनच आहेत! थांब, मी मोजून दाखवते." आणि आजीचं बोट धरून टिकल्या मोजायला लावल्या. तेव्हापासून घरात सगळ्यात जास्त चुका आजी करतात आणि दोघी खूश आहेत. हे जरूर करून बघा, मोठ्या माणसाची चूक पकडण्यात मुलांना जे सुख मिळतं ते शाबासकीत नाही.

पाचपर्यंत गाडी रुळावर आली की ट्रेनचं पझल. मुंबईच्या मुलांना ट्रेन वेगळी समजवावी लागत नाही. शर्टाच्या पॅकिंगमध्ये जो पुठ्ठा येतो त्याचे सारखे दहा डबे कापा, प्रत्येकाला खिडक्या काढा, डब्यावर आकडा आणि खिडक्यांमधून दिसणाऱ्या डोक्यांच्या जागी टिकल्या. पहिल्या डब्यात एक माणूस, दुसऱ्यात दोन, असं करत दहाव्यात दहा, म्हणजे तो अगदी संध्याकाळचा सहाचा डबा. डबे लादीवर ओळीत लावायचे. लावले की डोळ्यांना दिसतं की प्रत्येक डब्यात मागच्यापेक्षा एकच माणूस जास्त आहे, आणि हे "एकच जास्त" तोंडाने सांगून कळत नाही, बघून कळतं. मग खरा खेळ: "डोळे मीट", आणि एक डबा गायब करायचा, उरलेले सरकवून जवळ आणायचे, "सांग, कुठला डबा यार्डात गेला?" सुरुवातीला कडेचे डबे काढा, १ नाहीतर १०, मग मधले. नंतर दोन काढा. हा खेळ आम्ही इतका खेळलोय की पुठ्ठ्याचे कोपरे मऊ पडलेत. दुसऱ्याच दिवशी तिने तक्रार केली की गाडी बारा डब्यांची असते, स्टेशनवर बाई सांगते ना, मग दहाच का? बरोबरच आहे, बसले रात्री अजून दोन डबे कापत. पंधरा डब्यांच्या पण असतात हे मी अजून तिला सांगितलेलं नाहीये.

मग दहाची घरं. वाण्याकडे अंड्यांचा तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे असतो ना, पाच बाय सहाचा, तो एक मागून आणा, स्वच्छ आणि कोरडा बघून, आणि त्यातून पाच-पाचच्या दोन रांगा कापून घ्या. घरात अंडं चालत नसेल तर पुठ्ठ्यावर दहा चौकोन आखा, तेही तेवढंच चालतं. त्यात बाटल्यांची झाकणं ठेवायची, एका घरात एक. वरची रांग भरल्याशिवाय खालच्या रांगेत जायचं नाही, एवढा एकच नियम. याने काय होतं की सात म्हणजे "वर पाच, खाली दोन" असं चित्र डोक्यात बसतं, आणि रिकामी तीन घरं आपोआप दिसतात. "अजून किती मावतील?" एवढंच विचारायचं. बेरीज-वजाबाकी हे शब्द काढायचे नाहीत. सात आणि तीन, सहा आणि चार, या जोड्या तिला आता तोंडपाठ आहेत आणि तिला स्वतःलाच ते माहीत नाहीये.

या ट्रेवरून मलाच एक गोष्ट कळली जी पस्तीस वर्षांत कधी डोक्यात आली नव्हती. दोन ट्रे जोडून ठेवलेले, वीस घरं, त्यात एक घर रिकामं, आणि सासूबाई म्हणाल्या "एकोणीस झाले, एक ऊन आहे". ऊन म्हणजे कमी! एकोणीस म्हणजे वीसला एक ऊन, एकोणतीस म्हणजे तीसला एक ऊन. आपला शब्दच पझल आहे. अर्थात हाच शब्द मुलांना रडवतो पण, कारण लिहायचं एक आणि नऊ, आणि ऐकू येतं वीसच्या जवळपासचं काहीतरी. पुढे तेवीसमध्ये तीन आधी ऐकू येतो, लिहिताना नंतर, आणि शाळेत ट्वेंटी-थ्रीमध्ये क्रम बरोब्बर उलटा. लेक इंग्लिश मीडियमला ज्युनिअर केजीत, घरात आजी मराठीत मोजणार, मग गोंधळ होणारच. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसला "वीस दोन" अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो. मला विचाराल तर दोन्ही म्हणा. "बावीस, वीस आणि दोन", असं एका दमात, दोन ट्रे भरलेले आणि बाहेर दोन झाकणं दाखवत. पण हे पाच-साडेपाचनंतर, चारच्या मुलाला वीसपुढे ढकलण्यात मला काही पॉइंट दिसत नाही.

आकड्यांच्या लिपीचं पण बघून घ्या. बेस्टच्या बसवर पुढे मराठी आकडा असतो, माझीने १ बघून "नाईन" म्हटलं, आणि तिची काहीच चूक नाही, दिसतोच तसा. मग टिकल्यांच्या कार्डाचे दोनाऐवजी तीन तुकडे केले, एकावर मराठी आकडा, एकावर इंग्रजी, मध्ये टिकल्या. दोन्ही आकडे त्याच टिकल्यांना येऊन चिकटले की भांडण मिटतं.

दुकानातलं चित्रांचं जिगसॉ घ्यायचं का? घ्या की. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला गेलात तर खेळणी-स्टेशनरीची लाइनच आहे, फक्त शनिवारी जाऊ नका. घेताना वय वाचू नका, तुकडे मोजा. आधी चार-सहा, मग नऊ, बारा, मग चोवीस. जिगसॉमध्ये आकडे नसले तरी गणित असतं, जागेचं गणित. शिकागोला काही संशोधकांनी ५३ मुलांना घरी जाऊन सव्वादोन ते पावणेचार वर्षांच्या वयात आईवडिलांबरोबर खेळताना बघितलं होतं, २०१२ ला ते छापून आलं, आणि जी मुलं पझल खेळत होती ती साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनातल्या मनात फिरवून जुळवण्यात पुढे निघाली. आता पझलमुळेच झालं का, की मुळात तशीच मुलं पझलकडे वळतात, हे त्यावरून ठरत नाही, पण खेळायला काय जातंय. फक्त बरोबर बसून शब्द वापरा. आपण सवयीने "हे इकडे लाव, ते तिकडे" म्हणतो, त्यात काहीच कळत नाही. कड, कोपरा, सरळ बाजू, वरचा डावा, अर्धा फिरव, उलटा झालाय, असं बोला. चोवीसचं पझल सहा बाय चार असतं तेव्हा आधी कोपरे शोधायला सांगा, चार सापडतात, मग कडेचे बारा, मग मधले आठच उरतात. "चोवीस" ऐकून जे मूल घाबरतं ते "आता आठच राहिले" ऐकून कामाला लागतं.

पावसात बाहेर जाता येत नाही तेव्हा आमची गॅलरी कामाला येते. लाद्यांवर खडूने एक ते दहा, सरळ एका ओळीत, वळण नाही. रुपयाचं नाणं उडवायचं, छापा आला तर एक पाऊल, काटा आला तर दोन. यात एक बारीक गोष्ट आहे, ती चुकली तर अर्धा फायदा गेला. मूल पाचवर उभं आहे आणि दोन पावलं टाकायचीत, तर ते "एक, दोन" म्हणत जातं. त्याऐवजी ज्या लादीवर पाय पडतोय तिचा आकडा म्हणायला लावा, "सहा, सात". रॉबर्ट सीगलर आणि गीता रामानी या संशोधकांनी २००८ मध्ये असाच एक ते दहाचा सरळ पट छोट्या मुलांना खेळायला दिला होता, पंधरा-वीस मिनिटांचे जेमतेम चार डाव, तेही दोन आठवड्यांत, आणि मुलांची आकड्यांची समज वाढलेली दिसली, ज्यांच्या पटावर आकड्यांऐवजी नुसते रंग होते त्यांची नाही. सापशिडी त्यानंतर आणा. सापशिडीत ओळ संपली की उलट्या दिशेने जायचं असतं आणि छोटी मुलं तिथेच हरवतात, आपल्याला वाटतं चीटिंग करतायत.

वस्तूंचं म्हणाल तर झाकणं, टिकल्या, चिमटे, नाणी, शंख-शिंपले, काहीही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला बालवाडी सुरू केली ती महागडी साधनं बाजूला ठेवून, आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच, आणि बोर्डी काही फार लांब नाही इथून. फक्त तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर चिंचोके, मणी, वाटाणे नकोत. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने चिंचोका नाकात घातला होता, रात्री अकराला अख्खी चाळ गॅलरीत. नाणीसुद्धा खेळ झाला की मोजून परत डब्यात, मोजणं पण होतं.

वेळ दहा-पंधरा मिनिटं पुरे, तिने तुकडे फेकायला सुरुवात करायच्या आधी आपणच उचलायचं. एका वेळी एकच पझल बाहेर. प्रत्येक सेटच्या मागे वेगळं चिन्ह करून ठेवा, चांदणी, फुल्ली, गोल, म्हणजे सगळं एकत्र झालं तरी वेगळं करता येतं, आणि वेगळं करायचं काम मुलालाच द्या. झिपलॉकच्या पिशव्या दाराच्या मागे खिळ्याला लटकवल्यात, जागेचा प्रश्न मिटला.

आणि तुकडे हरवणारच, त्याची मनाची तयारी ठेवा. आमच्या ट्रेनचा सातवा डबा गणपतीच्या साफसफाईत गेला तो गेलाच. मी नवीन कापायला बसले तर म्हणाली मी करणार. तिने पुठ्ठ्यावर वेडावाकडा चौकोन काढला, खिडक्या काढल्या, टिकल्या एक एक मोजून सात लावल्या, परत एकदा मोजल्या, आणि ७ उलटा लिहिला. तो डबा तसाच आहे, सहा आणि आठच्या मध्ये बरोबर बसतो.